धारणीच्या बसमधला ठिपका

"दाब ना," सोनल म्हणाली. "आवाज ऐका असं लिहिलंय ना तिथं? मग दाब."

मी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग दारामागच्या खुंटीला अडकवलेल्या माझ्या बॅगेतून बारीक चिवचिवाट आला. थांबला. पुन्हा आला.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. अमरावतीतली आमची ती खोली म्हणजे दोन पलंग, एक गॅस आणि भिंतीला टेकवलेली सोनलची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. तिथं आमच्या दोघींशिवाय आणखी कुणीतरी आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

माझा फोन नवा होता, आदल्याच दिवशी घेतलेला. जुन्या फोनला असल्या गोष्टी कळत नव्हत्या. नव्यानं मात्र घेतल्या घेतल्या सांगून टाकलं होतं, की एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतो आहे आणि त्याच्या मालकाला तुमचं ठिकाण दिसू शकतं. खाली नकाशा होता. त्यावर माझा अख्खा दिवस तांबड्या रेघेनं काढलेला होता. खोली, मी काम करायची ती पाणी तपासणीची खासगी लॅब, भाजी बाजार, मैत्रिणीचं घर, परत खोली. मालक कोण, हे मात्र फोन सांगत नव्हता.

सोनलनं बॅग पलंगावर उलटी केली. कंगवा, चार्जर, डबा, रुमाल. चिवचिवाट त्यातून येतच नव्हता. तो येत होता खालून, अस्तराच्या आतून. तळाशी एका कोपऱ्यात अस्तर उसवून पुन्हा शिवलेलं होतं. तपकिरी दोऱ्याचे टाके इतके बारीक, की मुद्दाम बोट फिरवलं तरच लागावेत. सोनलनं ब्लेडनं ते कापले, तेव्हा नाण्याहून जराशी मोठी पांढरी चकती तिच्या तळहातावर पडली.

"बॅग कोणी दिली?" तिनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

बॅग हर्षदनं दिली होती, दिवाळीआधी झालेल्या साखरपुड्यात.

हर्षद बोंडे नागपूरला एका कंपनीत नोकरीला होता. स्थळ माझ्या मोठ्या काकांनी आणलेलं. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड, आणि लग्न चार महिन्यांवर. त्याच्याबद्दल वाईट म्हणावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. पण तो सारखा विचारायचा. पोचलीस का? निघालीस का? रात्री ऑनलाइन दिसत होतीस, कुणाशी बोलत होतीस? साखरपुड्यानंतर आठवड्याभरातच तो म्हणाला होता, "लाइव्ह लोकेशन चालू ठेवत जा ना. मला बरं वाटतं." मी हसण्यावारी नेलं होतं. पुन्हा त्यानं तो विषय काढला नव्हता. आता कळत होतं, का काढला नव्हता ते. निदान त्या संध्याकाळी मला तसं वाटलं.

"लाव त्याला फोन," सोनल म्हणाली. "विचार सरळ."

"तो नाही म्हणेल."

"मग बाबांना सांग."

हे मात्र मला पटलं नाही. बाबांना सांगायचं म्हणजे लग्न मोडल्यातच जमा.

माझे बाबा, मनोहर ढोले, परतवाड्याला फोटो स्टुडिओ चालवायचे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बसला, तेव्हा कुढत न बसता त्यांनी अर्ध्या दुकानात मोबाईलचं सामान भरलं. कव्हर, काचा, चार्जर, इअरफोन, गाडीला लावायचे स्टँड. स्क्रीनवर काच चिकटवताना आत एक बुडबुडा राहू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलायचे फोटोग्राफरसारखेच, मान वाकडी करून, हसत. मला अमरावतीला शिकायला पाठवलं, नोकरीला राहू दिलं, तेव्हा घराण्यात बरीच कुजबुज झाली. बाबा सगळ्यांना एकच सांगायचे, "माह्या पोरीवर माहा डोये मिटून विश्वास हाये." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणी माझ्यावर जराही संशय घेतला, तर आपल्यामागे बाबा उभे आहेत, हे मी धरूनच चालत होते. हर्षदनं बॅगेत टॅग शिवला, हे त्यांना कळलं असतं तर ते नागपूरला जाऊन त्याच्या दारात उभे राहिले असते. मला आधी खात्री करून घ्यायची होती.

ती रात्र वाईट गेली. फोन उशाशी होता, तो मी पालथा करून ठेवला. मग उचलून टेबलावर ठेवला. कॅमेऱ्याच्या त्या तीन काळ्या भिंगांकडे बघवेना, म्हणून वर ओढणी टाकली. सोनल अंधारात म्हणाली, "आपण जे बोलतो ना, त्याच्याच जाहिराती येतात मला. परवा कुकर म्हटलं, तर कुकर." एरवी मी तिला वेड्यात काढलं असतं.

सकाळी मला एक कल्पना सुचली. चकतीचा मालक माझ्यावर नजर ठेवून असेल, तर चकतीला मी कुठंतरी भलतीकडं पाठवते. जिथं मी कधी जाणार नाही अशा ठिकाणी. मग जो घाबरून, चिडून, गोंधळून विचारेल की तू तिथं काय करतेस, तोच तो.

ऑफिसला जाताना मी एसटी स्टँडवर उतरले. धारणीची बस उभी होती. अमरावतीहून निघून परतवाडा, तिथून पुढं मेळघाटाचा घाट, सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. भर जंगलातला रस्ता. नागपूरला बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा यायला याहून चांगली बस नव्हती. बस परतवाड्यावरून जाते, हे मला अर्थातच ठाऊक होतं. पण त्याचा इथं काही संबंध असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

मी आत चढले, मागच्या एका सीटवर बसले. सीटचं रेक्झिन फाटलेलं होतं. चकती त्या फाटीतून आत खोल ढकलली आणि उठले.

"काय झालं?" कंडक्टरनं विचारलं.

"चुकीच्या बसमध्ये बसले."

"मग कुठं जायचं हाये?"

"कुठंच नाही," मी म्हटलं आणि उतरले.

लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आणि मी प्रत्येक बाटलीनंतर फोन बघत होते. कुणाचा फोन नाही, मेसेज नाही. दुपारी डबा उघडला आणि हर्षदचं नाव झळकलं. मी घास डब्यात परत ठेवला.

"कुठं आहेस?"

"ऑफिसमध्ये."

"आवाज लांबून येतोय. बाहेर आहेस का?"

"नाही. का?"

"का म्हणजे? सहज. तुझं काय बिनसलंय?"

"माझं? काही नाही. तुला काही विचारायचंय का?"

"हो," तो म्हणाला. मी डबा बाजूला सरकवला. "आई विचारतेय, शालू नागपूरला घ्यायचा की अमरावतीला?"

मी अमरावती म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस फार हुशार आहे, असं मनाशी म्हटलं. थेट विचारणार नाही, घुमवून फिरवून येईल.

डबा झाकत होते तोवर बाबांचा फोन आला.

"कुठी हायेस वं, कांचू?"

"ऑफिसमध्ये, बाबा."

"ऑफिसमधी?"

"हो. जेवत होते आत्ता."

मागून हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. दुकानाचं पार्सल घ्यायला बाहेर पडले असतील, असं मला वाटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बाबा?"

"बरं. जेव तू," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

नेहमी ते काय जेवलीस विचारायचे. त्या दिवशी विचारलं नाही. मी त्याचा विचार केला नाही, कारण माझं सगळं मन नागपूरकडं लागलेलं होतं. आणि लगेच आईचा फोन आला. आवाज आनंदानं फुललेला.

"पोचली का वं? बाबा भेटले का स्टँडवर?"

"कुठल्या स्टँडवर?"

"आता कुठल्या म्हन्जे? आपल्या. मी पाटवडीचा रस्सा टाकला तुह्यासाठी. काल तरी सांगाव न, येतो म्हनून."

"आई, मी येतेय असं कुणी सांगितलं?"

"बाबानं. म्हने, कांचू येऊन रायली, मोबाईलमधी दिसून रायली. आसेगावच्या पुढं आली, म्हने. अन् गेले गाडी घेऊन तुले आनायले."

माझ्या हाताखालची बाटली आडवी झाली. पाणी टेबलावरून खाली ठिबकायला लागलं, आणि मी ते बघत बसले.

"आई," मी हळूच विचारलं, "माझ्या बॅगेत खाली शिवलंस ते तू?"

"हाव. दिवाळीत आली होती, तवा. बाबानं देल्ली ती चकती. म्हने, यानं सामान हरवत नाई. काहून, उसवलं का?"

"नाही. नाही उसवलं. आई, मी अमरावतीतच आहे. ऑफिसमध्ये."

आईनं अगदी निरागसपणे विचारलं, "मंग मोबाईलमधी कोन येऊन रायलं?"

मी बाबांना फोन लावला. रिंग गेली, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मग आईला लावला. तिच्या आवाजातला आनंद गेला होता. बाबा स्टँडवरून घरी आले नव्हते. शेजारच्या दुकानदाराला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की शटर ओढून घ्या, मी धारणीच्या रोडनं जाऊन येतो.

मला तेव्हा सगळं उलगडलं. ठिपका गावाकडं येताना दिसला, तेव्हा त्यांना आनंद झाला. पोरगी न सांगता घरी येतेय. ते स्टँडवर धावत गेले. तोवर बस सुटली, आणि ठिपका गाव ओलांडून पुढं निघाला. म्हणून त्यांनी फोन केला. मी खरं सांगितलं, आणि ते त्यांना धडधडीत खोटं वाटलं. पोरगी गावावरून पुढं गेली, जंगलाच्या रस्त्याला लागली, आणि फोनवर शांतपणे सांगते की ऑफिसमध्ये जेवतेय. ते तेव्हा म्हणू शकले असते, की मला तू धारणीच्या रस्त्यावर दिसतेस. पण ते म्हणायचं, तर कसं दिसते हेही सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा साठीतला तो माणूस जुन्या स्कूटरवर बसून घाटात निघाला होता.

पुढच्या वेळी फोन लावला, तेव्हा बाई म्हणाली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

मी सोनलला बोलावून घेतलं; तिनं एकही प्रश्न विचारला नाही. तिची गाडी घेऊन ती लॅबच्या फाटकाशी आली, आणि मी मागं बसले. परतवाड्याला घरासमोर थांबलो, तर आई ओट्यावर उभी होती. बाबांचा पत्ता नव्हता. मी तिला म्हटलं, घेऊन येते. ती म्हणाली, "कोनाले घेऊन येते? अन् काय झालं हाये, हे कोनी मले सांगत काहून नाई?" माझ्याकडे सांगायला वेळ नव्हता.

घाट लागला. सागाची पानं रस्त्यावर पसरलेली, वळणामागून वळण. प्रत्येक वळणावर मी आधी कडेला बघायची, मग खाली दरीत. त्यांना अंतरावरचं नीट दिसायचं नाही, चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला होता. मला राग इतका होता की दात दुखायला लागले होते, आणि भीती त्याहून जास्त. राग आणि भीती एकाच माणसाबद्दल एकाच वेळी असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मनात सारखं येत होतं, ते सुखरूप भेटू दे, म्हणजे मला त्यांच्याशी भांडता येईल.

सेमाडोहला एका चहाच्या टपरीसमोर त्यांची स्कूटर दिसली. ते बाकावर बसले होते, डोक्यात हेल्मेट तसंच. समोरचा चहा गार झालेला, वर साय आलेली. टपरीवाल्या बाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"तुम्हीच का ती पोरगी?" तिनं विचारलं.

"कोण ती?"

"बसमधली." मग तिनंच सांगितलं. धारणीची बस इथं चहापाण्याला थांबते. हे गृहस्थ मागून आले, बसमध्ये चढले आणि एकेकाचं तोंड बघत मागपर्यंत गेले. मग खाली वाकून सीटांखाली बघायला लागले. मग मोबाईलवर काहीतरी दाबलं, आणि एका सीटमधून पिक पिक आवाज यायला लागला. कुणीतरी बॉम्ब म्हणून ओरडलं. सगळी बस खाली उतरली, लेकरंबाळं, कोंबड्या, सगळे. कंडक्टरनं यांची कॉलर धरली. काय लपवलंय, कुणी लपवलंय, कशासाठी. गर्दी जमली. "मग त्यायनं सांगतलं," बाई आवाज खाली करून म्हणाली. "साऱ्यायच्या समोर. म्हने, बॉम्ब नाई, हे माह्या पोरीवर नजर ठेवाले मीच लावलं होतं."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. तळहात उघडा होता, आणि त्यात ती चकती. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"ऑफिसमधीच होती न तू?" ते म्हणाले.

"हो."

"खरं सांगतलं होतं तूनं."

"हो."

त्यांनी हेल्मेट काढलं, आणि काय करावं न कळून मांडीवर धरून बसले. मी भांडायला आले होते. रस्ताभर शब्द जुळवले होते. त्यांची ती कॉलर बघून त्यातलं एकही वाक्य बाहेर येईना.

"का, बाबा?" एवढंच म्हटलं.

"दिवाळीच्या आधी एक जन आला होता दुकानात, काच बसवाले," ते म्हणाले. नाव त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. "म्हने, मनोहरभाऊ, तुमच्या पोरीले चिखलदऱ्याले पाह्यलं. गाडीत होती, दोघा पोरायसंगं. हसत होती. मी त्याले म्हनलं, माह्या पोरीवर माहा डोये मिटून विश्वास हाये. त्याच्या फोनची काच बसवून देल्ली. तो गेला." त्यांनी चकती बोटांत फिरवली. "मंग मी दुकानातली ही चकती काढली. त्याच दिवशी."

"मला विचारायचं होतं."

"विचारनार होतो. किती खेपी फोन हातात घेतला. पन विचारलं असतं, तर तुले वाटलं असतं, बापाचा विश्वास नाई."

सोनल रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली होती. टपरीवाली बाई भांडी विसळायला लागली, उगाच जास्त आवाज करत.

बाबांनी चकती बाकावर ठेवली, आणि जणू आता सगळं संपलंच आहे, मग एवढंही होऊन जाऊ दे, अशा आवाजात विचारलं, "कोनासंगं गेली होती वं, चिखलदऱ्याले?"

उत्तर अगदी साधं होतं. आम्ही लॅबची माणसं वरच्या गावांतल्या विहिरींचं पाणी आणायला गेलो होतो. गाडीत मी, एक सहकारी, ड्रायव्हर आणि मागं बाटल्यांचे खोके. कशावर हसत होतो, हे आठवत नव्हतं. दोन वाक्यांत त्यांचा जीव भांड्यात पडला असता. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, की ते त्या दोन वाक्यांसाठी आसुसले आहेत.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"काहून?"

"दिवाळीत विचारलं असतं, तर सांगितलं असतं. आता मी जे सांगेन ते तुम्ही या चकतीशी ताडून बघाल."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

उठून ते हेल्मेटचा पट्टा लावायला लागले, तर तो लागेना. मी स्कूटरची किल्ली मागितली. लहानपणापासून मी त्या स्कूटरवर पुढं उभी राहिले होते, मागं बसले होते, पण ती कधी चालवली नव्हती. त्यांनी किल्ली दिली आणि मागं बसले; सोनल तिच्या गाडीवर आमच्या मागून निघाली. घाट उतरताना त्यांनी एकदाही ब्रेक मार, हॉर्न दे, असं सांगितलं नाही. अंधार पडता पडता आम्ही घरी पोचलो. आईनं ताटं वाढली. पाटवडीचा रस्सा गार झाला होता, तिनं पुन्हा तापवला.

पुढच्या रविवारी हर्षद अमरावतीला आला. आम्ही कॉफी प्यायला बसलो. त्याच्यावर घेतलेला संशय माझ्या मनात काट्यासारखा सलत होता, म्हणून मी सगळं सांगितलं. टॅग, बस, बाबा, सेमाडोह. आणि हेही, की मला आधी तोच वाटला होता.

तो खूप हसला. "म्हणजे मी पास झालो तर!"

"झालास."

"पण खरं सांगू? बाबांचं तसं काही चुकलं नाही. मुलगी एकटी राहते, जमाना कसाय. काळजी वाटणारच." त्यानं कॉफी ढवळली. "लपवायचं काही नसेल, तर हरकत काय असते गं?"

"त्यांच्या जागी तू असतास, तर तूही लावला असतास?"

"टॅग? छे." तो पुढं झुकला, मोठ्या मजेत. "टॅग सापडतो. मी तुला फोनच घेऊन दिला असता, आणि आत एक ॲप टाकून. तुला कधी कळलंही नसतं."

त्यानं डोळा मारला. थट्टाच करत होता तो, हे मला दिसत होतं. पण मी हसले नाही, आणि मी हसले नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो शालूबद्दल बोलायला लागला होता.

परतवाड्याला गेले आणि आईबाबांना एकत्र बसवून सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी एवढंच विचारलं.

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नागपूरला गेले. अंगठी, साड्या, ती बॅग, सगळं परत देऊन आले. तिथं त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.

स्थळ आणलेले मोठे काका मात्र संतापून आले. ओट्यावर चपला काढता काढताच आवाज चढला होता. लोकांना तोंड कसं दाखवायचं, बोंड्यांना काय सांगायचं, कार्यालयवाला पैसे परत देईल का. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं. शेवटी काका जवळजवळ ओरडलेच.

"पोराचा काही दोष? तुह्या पोरीचं दुसरीकडं काही? आखिर कारन काय हाये, मनोहर?"

"मले नाई मालूम, दादा."

"बाप असून तुले मालूम नाई? मंग मालूम तरी कोनाले हाये?"

"तिले," बाबा म्हणाले.